पुलापलीकडची रेंज

महेंद्र गेल्यानंतर अडीच महिन्यांनी सीमाने त्याचा ड्रोन पहिल्यांदा एका लग्नात उडवला, आणि तो दीडशे मीटरवरून परत आला.

बाभळेश्वरच्या बाजूला एका लॉन्सवर लग्न होतं. नवरदेवाची मिरवणूक कमानीतून आत येताना वरून घ्यायची, एवढंच काम. सीमा गाड्या लावल्या होत्या त्या बाजूला उभी होती. मोबाईलच्या स्क्रीनवर आधी फेटे दिसले, मग चित्र अडकलं, मग त्याचे चौकोन चौकोन झाले आणि स्क्रीन करडी पडली. सिग्नल तुटला की ड्रोन आपला आपण जिथून उडाला तिथं परत येतो. तसा तो आला, तिच्या डोक्यावर थांबला आणि सावकाश खाली उतरला. तोवर नवरदेव स्टेजवर पोचला होता.

सहादेव गर्दीतून वाट काढत आला. लोणीत त्याचा फोटो स्टुडिओ होता. गेली सहा वर्षं महेंद्र त्याच्यासाठीच ड्रोन उडवत होता.

"होतं असं, वहिनी," तो म्हणाला. "डीजेच्या गाडीमुळं असंल."

"हो."

"पुढच्या तारखेला दुसरं कुणी बघू का? तुम्हाला दगदग नको."

"हो," सीमा म्हणाली.

त्या दिवसांत ती सगळ्यालाच हो म्हणायची. जेवलीस का, हो. झोप लागते का, हो. जलदानविधीला आलेल्या बायकांनी विचारलं होतं, थोडे दिवस माहेरी जाशील ना, त्यालाही ती हो म्हणाली होती. शेवगावहून तिचा भाऊ कल्याण दर रविवारी फोन करून तेच विचारायचा आणि ती तेच उत्तर द्यायची. ड्रोनचंही तसंच झालं. सीझनच्या तारखा आधीच घेतलेल्या आहेत, तुम्हाला उडवता येतो ना, असं सहादेवने विचारलं. तिला येत होता. लग्नाच्या पहिल्या वर्षी महेंद्रने तिला प्रवरेच्या काठी पडीक रानात शिकवला होता. तो स्क्रीनकडे बघायचा आणि ती आभाळाकडे, नाहीतर उलट. म्हणून ती हो म्हणाली.

फेब्रुवारीत राहुरीहून काम आटोपून येताना, कोल्हारचा पूल यायच्या थोडं आधी, रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर महेंद्रची मोटारसायकल आदळली होती. दिवेलागणीची वेळ होती. सीमाला घरून थेट दवाखान्यात नेलं आणि दवाखान्यातून थेट घरी आणलं. मधलं तिला फारसं आठवत नव्हतं. आठवायचा प्रयत्नही ती करत नव्हती. वाईट वाटत नव्हतं असं नाही, पण ते कुठंतरी लांब होतं, दुसऱ्याच्या घरात चाललेल्या बोलण्यासारखं. चहात साखर कमी आहे का, असं सासूबाईंनी विचारलं की तिला कळायचं, आपण चहा पितोय.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता ऊन उतरल्यावर तिने ड्रोन गच्चीवर नेला. का नेला हे तिलाही सांगता आलं नसतं. कुणी सांगितलं नव्हतं. तिने तो सरळ नदीच्या दिशेने सोडला. एकशे चाळीस, एकशे पन्नास, आणि रिमोट बीप बीप करायला लागला.

तो आवाज ऐकून कारभारी जिना चढून वर आले. तिचे सासरे. कोल्हारच्या स्टँडजवळ त्यांचं तीस वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. गावातल्या निम्म्या घरांवरचे अँटेने त्यांनी स्वतः चढून बसवलेले. मग डिशच्या छत्र्या आल्या, मग मोबाईल आले, आणि दुकान बंद झालं. मुलगा गेल्यापासून ते दिवसभर ओसरीत खुर्ची टाकून बसायचे आणि बोलायचे फार कमी. सीमाशी तर, तिने जेवायला वाढू का विचारलं की वाढ, एवढंच बोलणं.

"किती लांब जातोय?" त्यांनी विचारलं.

"दीडशे."

"आन् आदी?"

"दोन किलोमीटरपर्यंत जायचा, मामा."

कारभारींनी हात पुढे केला. तिने रिमोट दिला. रिमोटला वरच्या बाजूला दोन चपटे अँटेने होते, दुमडून ठेवायचे. सीमाने ते उघडून, बोट दाखवावं तशी त्यांची टोकं ड्रोनकडे केली होती.

"हे आसं का धरलंय?"

"ड्रोन तिकडं आहे म्हणून."

"न्हाई. टोकातून काय जात न्हाई. अँटेन्याच्या अंगातून जातं." त्यांनी दोन्ही अँटेने उभे केले आणि त्यांची सपाट बाजू नदीकडे वळवली. "आता सोड."

ड्रोन दोनशे चाळीस मीटर गेला.

कठड्याशी उभे राहून कारभारींनी खालच्या घराकडे, पाण्याच्या टाकीकडे, शेजारच्या गच्चीतून वर आलेल्या गजांकडे बघितलं. मग म्हणाले, "घरातलं वायफाय बंद कर. आन् टाकीपासून हिकडं सरक. ते गजबी नकोत मदी."

ती सरकली. वायफाय बंद केलं. ॲपमध्ये चॅनल आपोआप निवडला जात होता, तो तिने हाताने बदलून बघितला. एका चॅनलवर सिग्नलच्या दांड्या जरा वर आल्या. चारशे मीटर. ड्रोन शाळेच्या पत्र्यांवर होता. बॅटरी संपत आली तसा तिने परत आणला. सासऱ्यांनी खिशातून खडूचा तुकडा काढून कठड्याच्या आतल्या बाजूला लिहिलं, शाळा ४००. खडू त्यांच्या खिशात कसा आला, हे तिने विचारलं नाही.

त्यानंतर रोज पाच वाजता दोघं गच्चीवर जायला लागली. ठरवलं असं काही नव्हतं. पाच वाजले की खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा, आणि सीमा हात पुसून ड्रोनची बॅग घ्यायची.

तिसऱ्या दिवशी कारभारींनी तेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा कापला. त्याच्या पत्र्याला हाताने बाक दिला आणि अँटेन्यांच्या मागे बसेल असा तो रिमोटला रबर लावून अडकवला.

"पाठीमागं वाया जातंय ते म्होरं ढकलायचं," ते म्हणाले. "टॉर्चमदी भांडं आसतं ना, तसं."

पत्र्याची धार सीमाच्या बोटाला लागली. रक्त आलं ते कारभारींनी आधी बघितलं. ती बोटाकडे बघत राहिली आणि मग पदराला पुसलं. त्या दिवशी ड्रोन सहाशे वीस मीटर, विजेच्या डीपीपर्यंत गेला. कठड्यावर लिहिलं गेलं, डीपी ६२०.

"आता लग्नाला भरपूर झालं, मामा," ती म्हणाली. "तिथं तीनशेच्या वर लागत नाही."

"जाऊ दे की. आजून किती जातोय बगू."

"तुम्हाला किती पाहिजे?"

कारभारी पत्र्याचा बाक पुन्हा नीट करत होते.

सहाशे वीसच्या पुढे मात्र तो जाईना. चार दिवस झाले. पत्रा मोठा करून बघितला, लहान करून बघितला. एका लांब बांबूला रिमोट बांधून उंच धरायचा आणि मोबाईल लांब वायरने खाली आणायचा, हेही केलं. बांबू सीमाने धरला. पन्नासएक मीटरचा फरक पडला, पण उडवताच येईना. भामाबाई, तिच्या सासूबाई, खालून अंगणातून बघत होत्या. "काय चाललंय त्या दोघांचं," असं त्या शेजारणीला म्हणाल्या, पण त्यांनी वर येऊन विचारलं नाही. गुडघ्यांमुळे त्यांनी जिना सोडला होता.

शुक्रवारी कारभारींनी पलंगाखालून पत्र्याची पेटी ओढून काढली. बारीक पेचकस, चिमटा, भिंग. ओसरीत उजेडाला पाट मांडून त्यांनी त्यावर धुतलेलं पांढरं फडकं पसरलं.

"उघडू का?" त्यांनी विचारलं. रिमोट महेंद्रचा होता, म्हणून विचारलं असावं.

"उघडा."

सहा स्क्रू निघाले. सातवा पकडच घेईना, नुसताच फिरत होता. त्यांनी झाकण हळूच वर उचललं आणि भिंग डोळ्याला लावलं. बराच वेळ ते तसेच वाकून होते.

"हे बग," शेवटी ते म्हणाले.

सीमाने भिंगातून बघितलं. दोन अँटेन्यांच्या दोन काळ्या वायरी होत्या, दोऱ्याएवढ्या बारीक. एकीचं टोक हिरव्या पट्टीवर टिचबटणासारखं दाबून बसलं होतं. दुसरीचं निघून बाजूला पडलं होतं. सातवा स्क्रू जिथं बसायचा तो प्लास्टिकचा खुंट बुडातून मोडला होता, आणि तिथून आतल्या अंगाला एक चीर गेली होती. बाहेरून काहीच दिसत नव्हतं.

"येकाच अँटेन्यावर चालला हुता इतके दिस," कारभारी म्हणाले. "पडलाय ह्यो कुटंतरी. जोरात."

"बॅग त्या दिवशी त्यांच्या पाठीवर होती," सीमा म्हणाली.

ओसरीसमोरून कुणाचीतरी शेळी गेली. कारभारींनी चिमटा उचलला, पण हात लगेच पुढे नेला नाही. पोलिसांनी बॅग परत दिली तेव्हा सगळे म्हणाले होते, काय नशीब बघा, मशीनला ओरखडासुद्धा नाही. सीमाला ते तेव्हा खरं वाटलं होतं. आता ती त्या चिरेकडे बघत होती. आपल्याला रडू येईल असं तिला वाटलं. ती थांबली. आलं नाही.

"धर," कारभारी म्हणाले आणि त्यांनी भिंग तिच्या हातात दिलं. "हालवू नगं."

तिने भिंग धरलं. दोनदा टोक निसटलं. तिसऱ्यांदा बारीक टक असा आवाज झाला आणि ते बसलं. मोडका खुंट त्यांनी चिकटवला, रात्रभर तसाच वाळू दिला आणि सकाळी झाकण लावलं.

शनिवारी संध्याकाळी वारा नव्हता. सीमाने ड्रोन आधी नदीच्या वरच्या अंगाला, उसाच्या रानांवरून सोडला. शाळा मागे गेली, डीपी मागे गेला. आठशे, हजार, बाराशे. सगळ्या दांड्या भरलेल्या होत्या. स्क्रीनवर हिरवी रानं एकामागून एक सरकत होती आणि चित्र कुठं म्हणून अडकत नव्हतं. बाक दिलेला पत्राही आज लावला नव्हता.

"झालं, मामा," ती म्हणाली. "बाराशेला फुल आहे."

"आन सरळ मागं."

तिने आणला. कारभारींनी बॅटरी बदलून दिली. मग कठड्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन ते दक्षिणेकडे तोंड करून उभे राहिले.

"आता पुलाकडं सोड," ते म्हणाले.

"पुलापर्यंत दीड किलोमीटर होईल."

"फुडं तीनशे मीटर. रस्त्याच्या डाव्या अंगाला खताच्या दुकानाचा मोठा बोर्ड हाय. त्याच्या समोर. सहादेवला इचारलं हुतं म्या."

सीमाने त्यांच्याकडे बघितलं. ते तिच्याकडे बघत नव्हते. फेब्रुवारीपासून ते पुलाकडच्या रस्त्यावर गेलेच नव्हते, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं. दळण, औषधं, पेन्शनचं काम, सगळं त्यांनी आतल्या गल्लीने केलं होतं, नाहीतर शेजारच्या माणसाकडून करून घेतलं होतं. ती स्वतःही गेली नव्हती. बाभळेश्वर उलट्या बाजूला होतं.

"मला चालवंना तिकडं," कारभारी म्हणाले. "दोनदा निगालो. स्टँडवरून मागारी आलो."

ड्रोन नजरेच्या टप्प्यातच उडवायचा असतो. महेंद्र तिला ते दरवेळी बजावायचा आणि स्वतः कधीकधी मोडायचा. सीमाने अँटेन्यांची सपाट बाजू पुलाकडे केली आणि ड्रोन शंभर मीटर वर घेतला.

घरांच्या गच्च्या, वाळत घातलेले कपडे, मग नदी. पाणी कमी होतं. पुलावरून एक मालट्रक आणि त्याच्या मागे एसटी चालली होती. सोळाशे. आता ड्रोनचा ठिपकाही दिसत नव्हता. सतराशे. कारभारी तिच्या खांद्याशी येऊन स्क्रीनवर वाकले. त्यांचा श्वास तिला ऐकू येत होता.

"त्यो बोर्ड."

तिने ड्रोन थांबवला आणि कॅमेरा खाली वळवला.

रस्ता होता. नवीन डांबर टाकल्यामुळे काळा दिसत होता. कडेला पांढरी पट्टी, तिच्यापलीकडे मुरूम, त्यापलीकडे कंबरेएवढा ऊस. एक मोटारसायकल आली आणि चित्रातून निघून गेली. मग दोन कार. बोर्डावरचं कणीस पिवळंधमक दिसत होतं. बाकी काही नव्हतं.

"हितंच ना?"

"इथंच असणार. समोर हाच एक बोर्ड आहे."

"जरा खाली घी."

तिने रस्त्याच्या कडेला, रानाच्या अंगावर घेत चाळीस मीटरपर्यंत खाली आणला. एक दांडी कमी झाली, पण चित्र स्वच्छ होतं. मुरमात चाकांचे माग होते. ते कशाचेही असू शकत होते. इतक्या दिवसांत किती गाड्या उभ्या राहिल्या असतील तिथं. काहीतरी दिसेल असं सीमाला वाटलं होतं का, हे तिला सांगता आलं नसतं. तिने फक्त ड्रोन हलू दिला नाही.

जिन्यावर पावलं वाजली. एक पायरी, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरी. भामाबाई कठड्याला धरून वर आल्या. धाप लागल्यामुळे त्या तशाच उभ्या राहिल्या.

"काय बगताय?" त्यांनी विचारलं.

सीमा कारभारींकडे बघू लागली. त्यांनी काही लपवलं नाही. "म्हेंद्र जिथं पडला ती जागा," ते म्हणाले.

भामाबाई जवळ आल्या. सीमाने रिमोट थोडा खाली धरला, त्यांना दिसावं म्हणून. त्यांनी चष्मा आणला नव्हता. डोळे बारीक करून त्या बघत राहिल्या. ट्रॅक्टर गेला, त्याची सावली मागून घसटत गेली.

"झाड न्हाई का तिथं येकबी?"

"नाही, आत्या."

"बग ना जरा आजूबाजूला."

सीमाने कॅमेरा सावकाश फिरवला. बोर्ड, ऊस, एक विजेचा खांब, रस्ता, पुन्हा ऊस. पूर्ण एक फेरा.

"नाही."

"सांज हुती गं," कारभारी म्हणाले. "ऊन नव्हतं."

"व्हय," भामाबाई म्हणाल्या. "तरीबी."

खाली कुणाच्या तरी घरी कुकरच्या शिट्ट्या झाल्या. स्क्रीनवर बॅटरी बेचाळीस टक्के दाखवत होती. यायला पंधरावीस तरी लागणार होती, आणि समोरचा वारा उठला तर जास्त. सीमा चाळीसपर्यंत थांबली. मग अडतीस.

"आणू का परत?" तिने विचारलं.

कारभारींनी मान हलवली. भामाबाई अजून बघत होत्या, म्हणून तिने ड्रोन लगेच वळवला नाही. तो तोंड तिकडेच ठेवून मागे मागे आणला. बोर्ड लहान होत गेला, पूल आला, नदी आली. नदीवर आल्यावर भामाबाई वळल्या आणि जिना उतरायला लागल्या. उतरणं त्यांना चढण्यापेक्षा अवघड जात होतं. कारभारी त्यांच्या पुढे एक पायरी खाली राहून उतरत गेले.

सीमाने एकटीने ड्रोन उतरवला. पंख थांबल्यावर तिने तो उचलला तेव्हा त्याचं पोट चांगलंच तापलं होतं. तिने तो थोडा वेळ दोन्ही हातांत तसाच धरला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. कल्याणने फोन केला नाही. तो स्वतःच मोटारसायकल घेऊन शेवगावहून आला. त्याने सासूसासऱ्यांना जयभीम केला, चहा घेतला, आणि अंगणात सीमाला बाजूला घेतलं.

"बॅग भरलीस का? आईनं सांगितलंय, घेऊनच ये."

"नाही."

"फोनवर तर दरवेळी हो म्हणतेस."

"म्हणत होते," सीमा म्हणाली. "गुरुवारी लोणीला हळद आहे, दादा. शनिवारी लग्न. सहादेवभाऊंना मी सकाळी फोन केला. दुसरा माणूस बघू नका म्हटलं."

कल्याणने विचारलं, "जमेल तुला?"

"ड्रोन उडतोय आता नीट."

"ड्रोनचं नाही विचारत मी."

सीमाने खरं तेच सांगितलं. "माहीत नाही. मला अजून काही कळतच नाही, दादा. तिकडं आले तरी कळणार नाही. इथं निदान पाच वाजता काहीतरी असतं."

"मग कधी येतेस?"

"सीझन झाल्यावर येईन. आठ दिवस."

आठ दिवस म्हणजे नंतर परत इथंच, हे त्याने ओळखलं असावं. तो वाद घालायच्या बेतात होता, पण ओसरीतून भामाबाईंनी त्याला हाक मारली. झाडाची लिंबं त्यांनी पिशवीत भरून ठेवली होती. आईला दे म्हणाल्या, यंदा लई लागल्यात. त्याने पिशवी मोटारसायकलच्या हँडलला अडकवली. सीमा त्याला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला गेली. तिथं त्याने गाडी सुरू केली, काहीतरी म्हणाला, पण इंजिनच्या आवाजात तिला ते ऐकू आलं नाही. ती हो म्हणाली नाही. काय म्हणालास, असं तिने खुणेनं विचारलं.

"हळू जा म्हणतोय, गुरुवारी," कल्याण म्हणाला. "लोणीला. कुणाच्या तरी चारचाकीतून जा."

"मामा येणार आहेत सोबत," ती म्हणाली.